सगळ्यात हलका ब्राउझर

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांना पुण्याहून सर्जापूर रोडच्या आमच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा त्यांचा जुनापुराणा कॉम्प्युटरही आणला. अक्षरं त्यांच्या डोक्यातून पुसली गेली होती. बोललेलं अर्धंमुर्धं कळायचं. एक गोष्ट मात्र ते कुणाच्याही मदतीशिवाय करत. डाव्या हाताने माउस सरकवून निळ्या चित्रावर टिचकी मारायची आणि थांबायचं. ब्राउझर उघडायला चार मिनिटं, गाण्यांचं पान यायला आणखी दोन. मग यमन सुरू व्हायचा.

ती सहा मिनिटं मला बघवत नसत. बाबांची काही तक्रार नव्हती, जीव माझाच खालीवर व्हायचा. ऑफिसात माझं कामच मुळी पानं झटपट उघडतील असं बघण्याचं, आणि घरात हे रखडणं! एका रविवारी चार ब्राउझर घालून पाहिले, कोण किती मेमरी खातो ते तपासलं आणि सगळ्यात हलका होता तो ठेवला. जुना काढून टाकला, तेवढीच जागा मोकळी. "बाबा, बघा, दहा सेकंद!" बाबा अर्ध्या ओठांनी हसले. माझी अक्कल नुसती उतू चालली होती.

सोमवारी संध्याकाळी घरी आले तर बाबा कॉम्प्युटरसमोर, हात माउसवर, गाणं नाही. त्यांना सांभाळणाऱ्या अक्का म्हणाल्या, "सुबह से ऐसाच बैठे हैं. खाना भी नको बोले."

नव्या ब्राउझरचं चित्र नारिंगी होतं, वरच्या कोपऱ्यात.

"अहो बाबा, हे काय इथे! दाबा ना!" मी चक्क ओरडले. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नाव त्यांना वाचता येतच नव्हतं. रंग आणि जागा, एवढ्यावरच त्यांचं चाललं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

काढून टाकलेल्या ब्राउझरची नवी आवृत्ती त्या मशीनवर चालेना, म्हणून जुनी शोधून घालण्यात पाच दिवस गेले. तेच निळं चित्र, त्याच जागी. बाबांचा हात धरून माउसवर ठेवला. त्यांनी तो काढून घेतला.

"चूक माझी होती बाबा, मीच ते काढलं होतं," मी स्वतःकडे बोट दाखवत पुन्हा पुन्हा सांगत होते. बाबांनी नकारार्थी मान हलवली. माझं ते बोट धरलं आणि हळूच स्वतःच्या कानशिलावर टेकवलं. बिघाड इथे आहे, असं ते मला समजावत होते.