रोपवाटिकेपर्यंत आलेलं शहर

माझ्या आत्याला तिच्या कचेरीत सगळे हद्दताई म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर, आणि पुढेपुढे तर टपाल आणणारा शिपाईसुद्धा त्याच नावाने हाक मारायला लागला. ती रागवायची नाही. कोणी सहज "हद्द झाली बुवा" म्हटलं, तरी टेबलावर वाकलेली मान वर करून विचारायची, "कुठली? मला न विचारता?"

ती मोजणी खात्यात नकाशे काढायची. तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी तिचं टेबल होतं. वर काच, काचेखाली दिवा. शाळेला सुट्टी असली की ती मला सोबत न्यायची. त्या खोलीला शाईचा आणि तापलेल्या काचेचा वास यायचा. विमानातून काढलेले दोन फोटो ती शेजारी शेजारी ठेवायची, त्यावर दोन भिंगांची घोडी बसवायची आणि म्हणायची, "डोळे सैल सोड. घाई करू नकोस." आधी नुसते करडे ठिपके दिसायचे. मग एकदम घरं कागदावरून उठून उभी राहायची, झाडांना उंची यायची. पहिल्यांदा मी बोट लावायला गेले आणि तसाच हात मागे घेतला. कोणाचं तरी छप्पर मोडेल असं वाटलं.

शहराची हद्द कागदावर फार पूर्वी ठरली होती. शहर मात्र कागद वाचून वाढत नाही. लोकांना हद्दीबाहेर जागा मिळाली, तिथे त्यांनी घरं बांधली, आणि कामाला रोज आत येऊ लागले. शाळा, नळ, बसगाड्या मात्र आतल्या माणसांपुरत्याच. बाहेरची माणसं गाडीत लोंबकळत यायची, पण शहर केवढं हे ठरवताना त्यांना कोणी धरत नव्हतं. म्हणून देशातली सगळी शहरं, कारभार कोणाचा हे न बघता, जशी पसरली आहेत तशी मोजायची असं ठरलं. नियम साधा होता. एका घरापासून पुढचं घर दोनशे मीटरच्या आत असेल तर शहर चालूच आहे. मधे त्याहून मोठी मोकळी जागा आली, की तिथे संपलं.

फोटोत छप्पर दिसतं, पण त्याखाली माणसं राहतात की जनावरं, हे फोटो सांगत नाही. ते बघायला आत्या स्वतः जायची. पाठीला पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट. सुट्टीला आमच्याकडे आली की तिथले किस्से ऐकवायची. एका न्हाव्याच्या दुकानातूनच जुनी हद्द गेली होती. तो म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक गावात बसतं आणि आरशात शहरात दिसतं." कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईला तिने विचारलं, तुम्ही शहरात राहता की बाहेर? ती म्हणाली, "ते तुम्हीच ठरवा आणि मला सांगा. घरी पाहुणे आले की पत्ता सांगताना माझी पंचाईत होते."

आमचं गाव शहराच्या पूर्वेला होतं. शहराचं शेवटचं घर आणि आमच्या गावाचं पहिलं घर यांच्यामध्ये बाबांची रोपवाटिका पसरलेली होती. गुलाब, लिंबू, शोभेची झुडपं, कुंड्यांच्या रांगा. अवजारांची एक खोपटी होती, पण तिथे कोणी राहत नव्हतं, म्हणून ती मोजणीत धरत नव्हते. पहिल्या मोजणीत आमचं गाव शहराबाहेर राहिलं ते त्या रोपवाटिकेमुळे. बाबांना त्याचा केवढा अभिमान. आत्या सुट्टीला आली की हातातली झारी खाली ठेवून म्हणायचे, "बघ ताई, तुझं शहर मी अडवून धरलंय."

"धर, धर," आत्या म्हणायची. "हात दुखले की सांग."

आत्याने लग्न केलं नाही. शहरात एका खोलीत भाड्याने राहायची. ते घर मालकाने विकायला काढलं, तेव्हा तिचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. बाबा स्वतः गेले आणि तिचं सामान बांधायला लागले. रोपवाटिकेच्या मधोमध, रस्त्याला लागून, त्यांनी तिच्यासाठी दोन खोल्या बांधायच्या ठरवल्या होत्या.

"तिथे नको रे," आत्या म्हणाली. "तुझ्या घराच्या मागे बांध."

"मागे ऊन येत नाही. आणि बस पकडायला चिखलातून जाशील का रोज?"

तिने पुन्हा नाही म्हटलं नाही. का, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, इतकी वर्षं दुसऱ्याच्या छपराखाली काढल्यावर, भावाने उन्हाची जागा देऊ केली असताना दोनशे मीटरची गोष्ट काढायचं तिच्या जिवावर आलं असेल.

पुढची मोजणी आली. नवे फोटो टेबलावर आले, त्यात तिचं घर स्वच्छ दिसत होतं. शहराच्या शेवटच्या घरापासून आत्याचं घर दोनशेच्या आत, आणि तिथून गावातलं पहिलं, म्हणजे आमचं, घरही. म्हणजे गाव शहराला जोडलं गेलं. खात्याचे साहेब भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाई, एका घराचं काय मोठंसं? झाडात छप्पर दिसलंच नाही असं समजा."

"साहेब, त्या छपराखाली मी झोपते," आत्या म्हणाली. आणि तिने रेघ आमचं गाव आत घेऊन पलीकडून ओढली.

त्या संध्याकाळी ती घरी न जाता थेट बाबांकडे आली. ते लिंबाची रोपं पिशव्यांत भरत होते. तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. दोन-तीन पिशव्या भरून झाल्यावर त्यांनी विचारलं, "रेघ कुठून गेली?"

"गावाच्या टोकाला विहीर आहे ना, तिच्या पलीकडून."

"म्हणजे शहर मीच आणलं."

"तू मला आणलंस," आत्या म्हणाली. "दुसरं काही आणलं नाहीस."

बाबांनी हात झटकले, उलटी बादली तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "बस आधी. गुडघे बघ जरा." ती बसली, आणि काम संपेपर्यंत पिशव्यांची तोंडं धरून राहिली.

गावात कुरबुर झालीच. आता कर वाढणार, नाव जाणार, असं लोक म्हणायला लागले. आत्या दारोदार जाऊन समजावत राहिली की ही नुसती मोजणी आहे, कारभार जिथल्या तिथे आहे. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी वर्षभर तोंड फिरवलं. कर वाढला नाही. काही वर्षांनी मोठी शाळा मंजूर झाली, कारण आमची मुलं आता कुठेतरी मोजली गेली होती. तिचे आभार मात्र कोणी मानले नाहीत, आणि तिलाही ते अपेक्षित नसावं.

निवृत्तीनंतर ती त्याच दोन खोल्यांत राहिली. रस्त्याच्या पलीकडे एकेक घर उठत गेलं. नवं बिऱ्हाड आलं की ती चहा घेऊन जायची, तिथे कोण राहतं ते बघायची जुनी खोड. ती गेली त्या वर्षी बाबांनी रोपवाटिका आवरली. उरलेली रोपं विकायची म्हणून बोर्ड लावला, पण समोरच्या घरांतली माणसं यायची, हद्दताईंच्या आठवणी सांगत बसायची, आणि बाबा त्यांना रोपं तशीच देऊन टाकायचे. कोणाच्या दारात लिंबू लागलं, कोणाच्या कुंपणाला गुलाब. आता तिथून जाताना कुठलं घर कधी झालं ते मला सांगता येत नाही. झाडं मात्र ओळखता येतात.