डोक्यावर अक्षता पडेपर्यंत

“मॅडम, धाकटीचं लग्न ठरलंय. आत्ता तिला रक्त तपासायला बोलावू नका,” सारिकाची आई म्हणाली. सारिका खाली मान घालून बसली होती. शेजारी व्हीलचेअरवर तिचा मुलगा ओम.

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात मी जेनेटिक काउन्सेलर आहे. म्हणजे रिपोर्ट आला की त्याचा अर्थ घरच्यांना समजावून सांगायचा. गोड बातमी माझ्या टेबलावर क्वचितच येते. ओमला डुशेन होता. यात स्नायू झिजत जातात. औषधांनी वेग थोडा कमी होतो, आजार बरा होत नाही. सुरुवातीला मात्र पोटऱ्या भरदार दिसतात. सारिकाच्या आईने, विठ्ठलवाडीच्या या आजीने, त्या पोटऱ्यांचं कौतुक करून वर दृष्टही काढली होती.

दोष असतो एक्स क्रोमोझोमवर. क्रोमोझोम म्हणजे पेशीतले धागे. आईवडिलांकडचं मुलांत उतरतं ते त्यांच्यातून. बाईकडे एक्स दोन असतात, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. पुरुषाकडे एकच. आजीच्या एका एक्सवर दोष सापडला होता, तोच सारिकाकडे आला होता. धाकट्या पल्लवीकडेही आलेला असण्याची शक्यता निम्मी होती.

“साधी रक्ताची टेस्ट आहे,” मी म्हटलं. “आधी कळलं तर गरोदरपणात बाळाची तपासणी करता येते.”

“आणि मुलाकडच्यांना कळलं तर? खोपटचं चांगलं स्थळ आहे, पत्रिका जुळलीय. एकदा डोक्यावर अक्षता पडू देत, मग सांगू.”

“सारिका, तुमची सख्खी बहीण आहे ती.”

“आई सांगेल ना,” ती पुटपुटली.

मी तडक आमच्या सरांकडे गेले. “सर, मी पल्लवीला फोन करू?”

“पेशंट कोण? सारिका. तिच्या परवानगीशिवाय घरात कोणालाही काही सांगायचं नाही. पुन्हा समजाव तिला.”

नियम बरोबरच आहे. मी समजावत राहिले. अक्षता पडल्या. मग ‘नवीन घर आहे, रुळू दे तिला’ सुरू झालं. मग सारिकाने माझे फोन घेणंच सोडलं.

यंदा, सहा वर्षांनी, एक बाई लहान मुलाला घेऊन आली. मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठला. रिपोर्ट डुशेनचाच होता. आईचं नाव वाचलं. पल्लवी. पत्ता खोपटचा.

“घरात अजून कोणाला असं आहे?” विचारणं भाग होतं.

“नाही ओ. ताईचा ओम व्हीलचेअरवर असतो, पण त्याला लहानपणी चुकीचं इंजेक्शन लागलेलं. आई सांगते ना.” मग तिने मुलाची पँट वर केली. “मॅडम, माझंच काही चुकलं का? पोटऱ्या बघा कशा भरल्यात. आई तर म्हणते, पैलवान होणार.”

मला भयंकर संताप आला, आणि तो काढायला समोर फक्त ही बिचारी होती. तुमचं काहीही चुकलेलं नाही, एवढं तिला सांगितलं. ओमबद्दल बोलायची परवानगी मला अजूनही नव्हती. “ताईला एकदा घेऊन या,” म्हणाले.

इतकी वर्षं या खुर्चीत बसून एक गोष्ट शिकले. घरातली शेवटची मुलगी उजवेपर्यंत त्या घरात कोणालाही आजार नसतो.