मुक्काम उठल्याची ऑर्डर नाही

आमच्या पलटणीची राष्ट्रपती भवनाच्या गार्डवर पोस्टिंग झाली तेव्हा मी नाईक होतो आणि मिलिंद खिल्लारे शिपाई. मी देविदास राठोड, डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचा. मिलिंद सेनगाव तालुक्यातला. पलटणीत आमच्या भागातले आम्ही दोघेच, त्यामुळे भांडायलाही एकमेकांशिवाय कोणी नव्हतं.

लोकांना वाटतं, तिथली ड्यूटी म्हणजे ऐश. चारला उठायचं, बुटात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत पॉलिश करायचं, साडेपाचला इन्स्पेक्शन, सहाला पोस्टवर. मग दोन तास हलायचं नाही. नाकावर माशी बसली तर तीही राष्ट्रपतींची पाहुणी समजायची.

राष्ट्रपती सहा वीसला फिरायला निघत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढच्या गोष्टीतलं खरं कारण त्यांनी फायलीत कुठेच येऊ दिलं नव्हतं. एके सकाळी ते मिलिंदच्या पोस्टसमोर थांबले.

"कहाँ के हो, जवान?"

"हिंगोली, परभणी जिल्हा, सर."

"क्या होता है वहाँ?"

"हल्दी, सर."

"कभी आऊँगा देखने."

मोठी माणसं असं म्हणतच असतात. यावर ‘जय हिंद, सर’ म्हणायचं आणि समोर बघत राहायचं, हे रिक्रूटालाही कळतं. मिलिंदनं विचारलं, "कब, सर?"

मागे उभ्या असलेल्या ए.डी.सी. साहेबांचा चेहरा मी बाजूच्या पोस्टवरून पाहिला. तो सांगण्यासारखा नाही. राष्ट्रपतींनी मात्र खरंच विचार केला.

"रिटायर होने के बाद. अभी ये लोग आने नहीं देंगे."

"ठीक है, सर," मिलिंद म्हणाला. जणू सुट्टी मंजूर केली.

ड्यूटी उतरल्यावर, आठ दहाला, सुभेदार मेजर साहेबांपुढे पेशी झाली. "सुप्रीम कमांडर से तारीख माँगता है?" सात दिवस पिट्ठू परेड मिळाली. पाठीवर वजन घेऊन मैदानाला फेऱ्या मारताना मिलिंद मला म्हणाला, "पण दादा, विचारल्याबिगर मायनं हळद कधीची ठिवायची?"

त्यानं घरी पत्र लिहिलं. त्याच्या आईनं, गयाबाईनं, ते वाचून घेतलं आणि गावभर सांगितलं. तेव्हापासून गावाला करमणूक झाली. पाणी भरायला गेली की कोणीतरी विचारायचंच, "काय गयाबाई, राष्ट्रपती कधी येऊन राहिले?"

"रिटायर झाल्यावर," ती सांगायची आणि हंडा उचलायची.

दिल्लीनंतर पलटण सीमेवर गेली. मिलिंद लान्स नाईक झाला. डिसेंबरच्या एका दुपारी तो तिघांना घेऊन पुढच्या पोस्टवर गेला होता. सोळा वीसला वरून ऑर्डर आली, माघारी बोलवा. वायरलेस सेटवर मी होतो.

"ब्राव्हो दोन, मागे या. ओव्हर."

उत्तर नाही.

"ब्राव्हो दोन, ब्राव्हो दोन, मागे या. ओव्हर."

मी चाळीस मिनिटं बोलत होतो. त्याच्या सेटची बॅटरी थंडीनं बसली होती, हे नंतर कळलं. तिघांना त्यानं आधीच खाली पाठवलं होतं. स्वतः थांबला, कारण पोस्ट सोडायची ऑर्डर नव्हती. तो तिथेच गेला. गावात तार चौथ्या दिवशी पोचली.

दोन वर्षांनी मी हवालदार होऊन पेन्शनीवर आलो. तोवर मिलिंदचा धाकटा भाऊ सिद्धार्थ त्याच पलटणीत भरती होऊन त्याच डोंगरावर गेला होता. मी गयाबाईला समजावायला गेलो, तर तिनंच मला गप्प केलं. "गेला तं गेला. पण जित्ता हाय का न्हाई, हे मला कोण सांगल? कागद महिन्यानं येते. महिन्याआधीचा जित्ता काय कामाचा?"

गावात फोन नव्हता. अर्ज होता, तो सिद्धार्थच्या वयाचा असेल. सगळ्यात जवळचा एस.टी.डी. सेनगावला. चार किलोमीटर चालायचं, मग जीप. तिथे ती दोनदा दिवसभर बसली. फोन आला नाही. सिद्धार्थनंही कुठल्या नंबरावर करायचा होता?

पुढे राष्ट्रपती निवृत्त झाले. डोंगरकड्याच्या हॉटेलात पेपर वाचत होतो. त्यात यादी होती. माजी राष्ट्रपतींना पेन्शन, बंगला, गाडी, सेक्रेटरी, टेलिफोन, औषधपाणी आणि प्रवास, तोही सोबत एक माणूस घेऊन. सगळं सरकारी खर्चानं.

"रिटायर माणसाला इतकं काहून लागते?" हॉटेलवाला म्हणाला. "काम तं काही न्हाई."

"काम आहे," मी म्हणालो. "त्यांना हळद बघायची आहे." आणि तिथेच बसून पत्र लिहिलं. रिपोर्ट लिहितात तसं. ‘सर, ज्या संत्रीनं आपल्याला ‘कब’ विचारलं तो शहीद झाला. त्याची आई वाट बघत आहे. आपला प्रवास मोफत आहे असं समजतं. जय हिंद.’

बाविसाव्या दिवशी उत्तर आलं. एकच ओळ होती. येत्या मार्चमध्ये, मंगळवारी, सकाळी अकरा.

हिंगोली जिल्हा तेव्हा नवा होता. कचेऱ्यांच्या भिंतींना अजून ओल्या रंगाचा वास होता, आणि इतका मोठा पाहुणा कोणी हाताळला नव्हता. आजी राष्ट्रपती आले तर काय करायचं याचं पुस्तक होतं. माजी आले तर काय, हे त्यात नीट नव्हतं. सलामी द्यायची का? दिली तर किती जणांची? कमान लावायची का? कामाला जुंपलेले नायब तहसीलदार मला तीन वेळा बोलावून घेऊन गेले, कारण साहेबांना जवळून पाहिलेला जिल्ह्यात मी एकटा.

"हवालदार, जेवणाचं काय? माजी असल्यावर जेवण शासनाकडे येतं की नाही?"

गयाबाई शेजारीच उभी होती. "माह्या घरच्या पाहुण्याला सरकार काहून जेवू घालील? तुमी तुमचं बघा."

नायब तहसीलदारांनी ‘जेवण : खाजगी’ असं लिहून घेतलं आणि त्यांचा जीव जरा खाली आला.

टेलिफोनबाबत मात्र स्पष्ट आदेश निघाला. पाहुणे जिथे थांबतील तिथे मुक्काम उठेपर्यंत चालू टेलिफोन पाहिजे. झालं. जो अर्ज सिद्धार्थएवढा जुना होता तो बाजूला राहिला आणि अकरा दिवसांत चार किलोमीटर खांब उभे राहिले. लाइनमन रशीदभाई खांबावरून मला ओरडून म्हणाले, "हवालदारसाब, चालीस मिनट के वास्ते इत्ती तकलीफ! मंगळवारी लगाना, बुधवारी निकालना!"

फोन गयाबाईच्या घरात बसला. लाल रंगाचा. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली, मिलिंदच्या फोटोच्या बाजूला. नंबर कळताच मी एक काम केलं, आणि आज पेन्शन पक्की असल्यामुळे ते लिहितो. पलटणीच्या एक्सचेंजवरचा ऑपरेटर माझ्याच हाताखाली शिकलेला होता. त्याला नंबर पाठवला. मंगळवार, अकरा ते बारा, सिद्धार्थला जोडून दे. सरकारी लाइनचा असा वापर गुन्हा आहे हे मला बरोबर माहीत होतं.

मंगळवारी साहेब अकरा वाजून चार मिनिटांनी आले. पांढरी अँबॅसेडर, पुढे पोलिसांची जीप. सोबतचा एक माणूस म्हणजे त्यांच्याइतकाच म्हातारा स्वयंपाकी निघाला. त्याला खरी हळद ओळखता येते, असं साहेब म्हणाले. सलामीचा प्रश्न मिटला नव्हता, म्हणून चार पोलिसांनी अर्धी दिली. हात वर गेले आणि साहेबांकडे बघून तिथेच थांबले.

साहेब खाली घोंगडीवर बसले. काठी भिंतीला टेकवली. गयाबाईनं भाकरी, पिठलं आणि ओल्या हळदीचं लोणचं वाढलं. साहेब मिलिंदच्या फोटोकडे बघून म्हणाले, "देर हो गई, जवान." मी बाहेर बघितलं.

अकरा एकतीसला फोन वाजला.

घरातली सगळी माणसं उभी राहिली. साहेबांचा स्वयंपाकीसुद्धा. फोन दिल्लीहूनच असणार, असं धरून नायब तहसीलदारांनी सावधानमध्ये रिसीव्हर उचलला. पलीकडून आवाज आला, फॉरवर्ड एरिया से कॉल है, लाइन पर रहिए. त्यांचा रंग उडाला. लष्कराला आपल्या जुन्या सुप्रीम कमांडरची काहीतरी तातडीनं गरज पडली आहे, असं समजून त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी साहेबांना दिला.

"हाँ, कौन?" साहेबांनी विचारलं.

"शिपाही सिद्धार्थ खिल्लारे. तुम कौन?" खोली छोटी, सिद्धार्थचा आवाज मोठा. सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मैं पूर्व राष्ट्रपती बोल रहा हूँ."

"और मैं आर्मी चीफ बोल रहा हूँ. टाइम कम है चाचा, मजाक मत करो. माँ को दो."

साहेबांनी रिसीव्हर गयाबाईपुढे धरला. "आर्मी चीफ हैं. आपसे बात करेंगे."

तिनं तो उलटा धरला. मी सुलटा करून दिला. चौदा महिन्यांनी आवाज ऐकत होती. मला वाटलं, रडेल. ती ओरडली, "जेवला का?"

"व्हय माय! जेवलो!"

"काय जेवला?"

"दाल, रोटी!"

"भात न्हाई?"

"भातबी!"

एवढंच बोलणं झालं. लाइन कटली. गयाबाईनं रिसीव्हर ठेवला, आणि मग खाली बसून पदरात तोंड घालून रडली.

नायब तहसीलदार माझ्याकडे बघत होते. "हा नंबर तिकडे कोणी दिला?"

"मी दिला," मी सांगितलं. आणि साहेबांपुढे सावधान होऊन सगळंच सांगून टाकलं. सेट, बॅटरी, चाळीस मिनिटं, चौथ्या दिवशीची तार. एस.टी.डी.वर बसलेली माय. हेही सांगितलं की उद्या फोन काढणार आहेत.

साहेबांनी विचारलं, "आदेश क्या है?"

नायब तहसीलदारांनी वाचून दाखवलं, मुक्काम उठेपर्यंत.

साहेबांनी गयाबाईनं बांधून दिलेली हळदीची पुडी स्वयंपाक्याकडे दिली, तिला हात जोडले आणि गाडीत बसले. गाडी पन्नास पावलं गेली असेल, तेव्हा मला भिंतीला टेकलेली काठी दिसली. मी ती घेऊन धावत सुटलो. एकोणीस वर्षं नोकरी केली, पण अक्कल तेवढ्यापुरती घरी राहिली. गाडी थांबली. काच खाली आली.

"सर, काठी!"

साहेबांनी काठी घेतली नाही. "हवालदार, गार्ड कब उतरती है?"

"ऑर्डर मिलने पर, सर."

"मैंने दी?"

"नहीं, सर."

"मेरा सामान अभी वहीं है." काच वर गेली.

काठी परत भिंतीला टेकवेपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता, हे कबूल करतो.

बुधवारी दहाला रशीदभाई शिडी घेऊन आले. मी दारात उभा होतो.

"साहेबांचं सामान आत आहे. मुक्काम उठलेला नाही. उठल्याची ऑर्डर आहे का?"

रशीदभाईंनी आत डोकावून काठी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग शिडी खाली ठेवून म्हणाले, "हवालदारसाब, ये तो बराबर है. बिना हुकूम के मैं कैसे निकालू?" आणि चहा पिऊन गेले.

टेलिफोन खात्यानं तालुक्याला विचारलं, तालुक्यानं जिल्ह्याला, जिल्ह्यानं दिल्लीला. दिल्लीहून साहेबांच्या सेक्रेटरीचं उत्तर आलं, ‘काठी स्वतः नेण्याचा मानस आहे. तारीख यथावकाश कळवू.’ दर वर्षी मार्चमध्ये विचारणा व्हायची. दर वर्षी तेच उत्तर यायचं. माजी राष्ट्रपतींचा आमच्या जिल्ह्यातला चाळीस मिनिटांचा मुक्काम असा कित्येक वर्षं चालला. सिद्धार्थ रविवारी संध्याकाळी फोन करायचा. पुढे गावातली सैन्यातली बाकी पोरंही त्याच नंबरावर करू लागली. गयाबाई सगळ्यांना पहिला प्रश्न तोच विचारायची. पोटभर जेवल्याशिवाय पुढचं बोलणं नाही.

एके सकाळी रेडिओवर साहेब गेल्याची बातमी आली. मी सेनगावची जीप धरली. रशीदभाई माझ्या आधी येऊन बसले होते, शिडी न घेता.

"आता?" त्यांनी मला विचारलं.

हुकूम देणाराच गेला होता.

गयाबाई काठी पुसत होती. "आता काय? माह्या मिलिंदला तरी कोणी उठ म्हणलं व्हतं का? तो थांबलाच ना?"

रशीदभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि चहा मागितला. फोन राहिला.

पेपरात अजून अधूनमधून येतं की माजी लोकांवर सरकार किती उधळतं. हॉटेलात वाद होतो. मी त्यात पडत नाही. त्या सवलतींतला एक फोन कुठे वाजत होता, ते मला माहीत आहे.

माझं एक काम उरलं होतं. ते करायला मला बरीच वर्षं लागली. डिसेंबरात, मिलिंदच्या दिवशी, मी डोंगरकड्याच्या बूथवर गेलो. सोळा वीसला तो नंबर फिरवला. पलीकडे रिसीव्हर उचलला गेला. ठरवून गेलो होतो ते तोंडातून निघालं.

"ब्राव्हो दोन, मागे या. ओव्हर."

मग उत्तर आलं.

"देविदास हाईस ना रे बाबा? जेवला का?"