काका दिसले तर थांबा

शेजारच्या संदीपचा फोन आला तेव्हा मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. तो एरवी मेसेज करतो, फोन करत नाही, म्हणून कॅमेरा बंद करून उचलला. "ताई, बाबा गेले," एवढंच म्हणाला. आमच्या घरांच्या मागे एक तळं आहे, त्याच्या कडेने पायवाट जाते. हिवाळ्यात तिथला बर्फ कुणी काढत नाही. त्या वाटेवर त्याचे बाबा, म्हणजे आमचे मेश्राम काका, घसरून पडले, डोक्याला लागलं. कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसाला ते दिसले, तोवर तासभर तरी गेला असावा असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या रस्त्याने गेले असते तर दोन मिनिटांत कुणीतरी गाडी थांबवली असती, असं त्या दिवशी जमलेला प्रत्येक जण म्हणत होता. मीही म्हणाले. पाच आठवडे झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

काका नागपूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. काकू गेल्यावर संदीपने त्यांना इकडे परदेशात, नेपरव्हिलला आणलं. उंच, सडपातळ माणूस, डोक्याला कानटोपी, खांद्याला कापडी पिशवी. दर गुरुवारी दीड मैलावरच्या लायब्ररीत जायचे, आणि चालत जायचे. आता इथे रस्त्याने चालणारा माणूस दिसला की गोऱ्यांना वाटतं याची गाडी बंद पडली, आणि आपल्याला वाटतं याच्याकडे मुलगा बघत नाही. शिवाय वडीलधारं माणूस थंडीत चालतंय आणि आपण हीटर लावून शेजारून निघून जायचं, शोभतं का? मग गाडी थांबायची, काच खाली यायची, "बसा काका!" काका नको नको म्हणायचे. पण आपल्यात पहिलं 'नको' कोण धरतं? जेवायला बसलेल्याने पोळी नको म्हटलं तरी आपण वाढतोच ना. तसंच हे. दोनदा आग्रह केला की भिडेखातर ते दार उघडून बसायचे. या सगळ्यात पुढारी मी. मला भारी हौस दुसऱ्यांची काळजी करण्याची! आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मीच लिहिलं होतं, "मेश्राम काका रस्त्यात दिसले तर प्लीज थांबा. त्यांना चालू देऊ नका."

गुडघा दुखायला लागला म्हणून संदीपने त्यांना अॅल्युमिनियमचा वॉकर आणून दिला होता. तो गॅरेजमध्येच पडून. एकदा गाडीत बसवल्यावर मी रागावले, तो वापरत का नाही म्हणून. काका हसले आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला. म्हणाले, इंग्लंडात मध्ययुगात हा वॉकर म्हणजे एक कामकरी माणूस होता. लोकर विणून झाली की ते कापड पाण्याच्या कुंडात टाकायचं आणि याने दिवसभर त्यावर पाय आपटत राहायचं, कापड दाट होईपर्यंत. कुंडात शिळं मूतसुद्धा घालायचे, वासाने माणूस हैराण व्हायचा. कुणाकुणाचं तेच आडनाव झालं. पुढे राजाच्या जंगलात पायी गस्त घालणाऱ्यालाही वॉकर म्हणू लागले. आणि त्याहून मागे गेलं तर मूळ शब्दात चालणं नव्हतंच, लाटांसारखं लोळणं, उलटंपालटं होणं होतं. "म्हणजे हौसेने चालणारा फार उशिरा आला बाई," ते म्हणाले. "आधी सगळे दुसऱ्याच्या कामाचे चालणारे."

मी सहज विचारलं, मग तुम्ही एवढं कशाला चालता? लायब्ररी आली होती, पण ते उतरले नाहीत. त्यांच्या आजोबांचं सांगू लागले. गावात कुणी मेलं की नातेवाइकांच्या गावोगाव सांगावा घेऊन जायचं काम महारवाड्याकडे. आजोबा वैशाखात अनवाणी दहा-दहा कोस जायचे, अंगणाबाहेर उभे राहून ओरडून सांगायचे, ओंजळीत वरून पाणी घ्यायचे आणि परत फिरायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांमुळे घरात पुस्तक आलं, वडिलांनी ते काम सोडलं, काका प्राध्यापक झाले. हे सगळं ते अगदी साध्या आवाजात सांगत होते. मी पुण्याची, आमच्या घरी असले सांगावे घ्यायचीच बाजू होती... मी उगाच हीटरचं बटण फिरवत राहिले. शेवटी त्यांनीच माझ्या खांद्यावर थोपटलं.

"आजोबा हुकमाने चालले, मी माझ्या मर्जीने चालून राहिलो," ते म्हणाले. "एक दिवस मला पाहून न थांबता जा ना बेटा."

आणि मी काय केलं? हसले. "असं कसं काका, तुम्ही आम्हाला वडिलांसारखे," म्हणाले. पुढच्या गुरुवारी पुन्हा थांबले. त्यानंतर ते रस्त्यावर दिसेनासे झाले. संदीपच्या दारात त्यांचे बूट चिखलाने माखलेले बघितले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, तळ्याकडून जातो, तिकडे गाड्या येत नाहीत. मला वाटलं, रहदारी नाही, बरंच झालं. इतकी मी शहाणी.

बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, आणि पुढच्या बुधवारी माझ्या डोक्यात आलं की लायब्ररीत कुणी सांगितलंय का? रूथ नावाची एक म्हातारी व्हॉलंटियर काकांसाठी जुन्या शब्दकोशाचा जाडजूड खंड काढून ठेवायची, हे काकांनीच सांगितलेलं. संदीपला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं. फोन करता आला असता. पण गुरुवारी मी बूट घातले आणि पायी निघाले, पुढच्या रस्त्याने. पहिल्या पाच मिनिटांतच एक गाडी थांबली. मग दुसरी. तिसरी ग्रुपमधल्याच एका ओळखीच्या जोडप्याची. गाडी बंद पडली का, नवरा कुठेय, अगं बस ना यार, काय वेडी आहेस का! बायको खाली उतरली आणि तिने माझं कोपर धरलं. किती मायेने धरलं होतं. नाही म्हणताना माझा आवाज चढला, ती दुखावली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस मिनिटांचा रस्ता. काकांना दर वेळी हे असंच 'नाही' म्हणावं लागलं असणार, तेही माझ्यासारख्या ऐकून न घेणाऱ्या बाईला.

रूथने खंड काढून ठेवला होता, शेजारची खुर्ची ओढून ठेवलेली. मी सांगितलं. ती पुस्तकावर हात ठेवून बसली. मग बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते मीठ माझ्या बुटांवर बघून म्हणाली, तू चालत आलीस? मी मान हलवली. तेव्हा तिने सांगितलं की हल्ली ते आत यायचे ते पाय झटकत, शाळेला बुट्टी मारलेल्या पोरासारखे खूश असायचे, आणि आधी एकच सांगायचे.

"आज मला कुणी पकडलं नाही."

मी तिथेच रडले, त्या परक्या म्हातारीसमोर. काकांना पकडणारी मीच होते, हे तिला सांगायचं धाडस झालं नाही. ते इथे लिहितेय. परतही पायीच आले, आणि रस्त्यावरून तळ्याकडे बघवलं नाही.

काल ग्रुपवर तो माझा मेसेज शोधून काढला. काढून टाकायला गेले तर इतका जुना मेसेज आता सगळ्यांच्या फोनमधून पुसता येत नाही म्हणे, फक्त माझ्या फोनमधून पुसला जाईल. तसाच ठेवलाय. त्याच्याखाली सगळ्यांचे अंगठे आहेत, आणि सर्वांत शेवटी काकांचं उत्तर. त्यांना ग्रुपमध्ये मीच घेतलं होतं. शब्द एकही नाही, नुसते जोडलेले दोन हात. तेव्हा मला वाटलं होतं, ते आभार मानतायत.