पंख फुटलेलं पिल्लू

मायक्रोवेव्ह वाजला की आजही माझ्या छातीत धस्स होतं.

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आयसेलिनला ताईंच्या घरी मूल सांभाळायला आले, तेव्हाची गोष्ट. शाळेत जाताना ताईंच्या आठ वर्षांच्या नेहाने अंड्याएवढं जपानी खेळणं माझ्या हातात ठेवलं. आत पडद्यावर बटणं दाबून भरवायचं, जगवायचं एक पिल्लू होतं.

"मावशी, बीप झालं की फीड कर. सगळं लिहिलंय."

चिठ्ठी इंग्रजीत. माझी शाळा सातवीत सुटलेली, पण सांगायची लाज वाटली. दिवसभर घाबरत बटणं दाबली. दुपारी पिल्लाला पंख फुटले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

नेहा शाळेतून येताच मी ते दाखवलं. "बघ, उडायला लागलं!"

"मावशी, इट्स डेड. ते एंजल झालंय."

ताईंनी परत गावी पाठवलं तर?

नेहा रडत होती, तरी ताईंना म्हणाली, "मीच फीड करायला विसरले."

एवढ्याशा पोरीला माझी भीती कशी दिसली असेल?