यमुनामावशीच्या हातची पोळी

आमच्या केंद्रात कुत्र्या-मांजरांची नसबंदी होते. किश्श्यांची मात्र करता येत नाही. त्यांना दर सहा महिन्यांनी पिल्लं होतात आणि तिथली डॉक्टर म्हणून ती मलाच सांभाळावी लागतात!

*

अकोल्याच्या आमच्या शिबिराच्या वेळचे एक काका. शेजारच्या राणी कुत्रीचं ऑपरेशन करा म्हणून त्यांचे रोज फोन. तुमच्या शेरूचंही करून टाकू म्हटलं, तर भडकले. "आमचा शेरू तसा नाई!"

दोन महिन्यांनी राणीला पाच पिल्लं झाली. पाचही जणांचा उजवा कान शेरूसारखा दुमडलेला.

काकांनी शेरूला स्वतः आणून दिलं. वर दोन पिल्लंही घरी नेली. मी विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, "नातवंडं हायेत बाप्पा. टाकता थोडीच येतात?"

*

गजाननभाऊ आमची व्हॅन चालवतात आणि जाळीही तेच टाकतात. बडनेऱ्याची कुत्री व्हॅनचा आवाज ओळखतात, गल्ली क्षणात रिकामी होते. एकदा भाऊ युक्ती करून मोटरसायकलवर गेले. तरी रिकामी!

मग ते परतवाड्याला सासुरवाडीला गेले, तर तिथलीही कुत्री पळाली. तिथं तर आम्ही एकही कुत्रं धरलेलं नव्हतं. भाऊंचा खुलासा असा : "बडनेऱ्यावरून फोन गेला असन."

*

बडनेरा स्टेशनच्या रस्त्यावर यमुनामावशी हातगाडीवर मेथी-सांभार, म्हणजे मेथी-कोथिंबीर, विकतात. त्यांच्या गाडीखाली काळी नावाची कुत्री राहते. दर वेताला चार-पाच पिल्लं, आणि रस्ता ट्रकचा. मावशी एकेक मेलेलं पिल्लू पदरात घेऊन शेतात पुरून यायच्या. मागच्या वेताचं एकही वाचलं नाही, तेव्हा त्या स्वतःच केंद्रात आल्या.

पण आल्या आल्या विचारलं, "हिचंच कावून? हिच्या नवऱ्याचं करा ना."

"नवरा कोणता ते सांगा," गजाननभाऊ म्हणाले, "आत्ता उचलतो."

मावशींनी बराच विचार केला आणि तीन नावं सांगितली.

*

तिघं सापडले. काळी मात्र जाळीत येईना. ती जवळ यायची ती फक्त मावशींच्या. शेवटी मावशींनीच गूळ लावून पोळी पुढे केली, काळी आली आणि वरून जाळी पडली. काळीनं धडपड केली नाही, नुसती मावशींकडे पाहत राहिली. मावशी त्या दिवशी भाजी तशीच टाकून घरी गेल्या.

ऑपरेशन छान झालं. मावशी रोज शिऱ्याचा डबा घेऊन यायच्या आणि टाके ओले आहेत, थंड पाणी देऊ नका, असं मलाच बजावायच्या. काळी भिंतीकडे तोंड करून बसायची. शिरा आम्हीच खायचो. एकदा मावशींना दिला, तर म्हणाल्या आज गुरुवार. मावशींचे उपास कडक.

*

जिथून उचललं तिथंच सोडायचं, हा आमचा नियम. पाचव्या दिवशी कानाला खुणेची छोटी खाच घेऊन काळी हातगाडीजवळ उतरली आणि सरळ रस्त्यापलीकडे जाऊन बसली. आठ दिवस झाले तरी तिकडेच.

मावशींचा फोन आला. "डॉक्टरबाई, जीव वाचला तिचा. पण ती माही राहिली नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाके पाहायला गेले. गजाननभाऊंना कोपऱ्यावरच थांबवलं. संकष्टी होती, गाडीवर मेथीशेजारी दूर्वांच्या जुड्या लावलेल्या. काळी रस्ता ओलांडून आली होती, पण दोन हात लांब उभी. मावशींनी पोळी पुढे केली. काळीनं वास घेतला आणि मागे सरकली. पुन्हा केली, पुन्हा सरकली.

मग मावशींनी पोळीचा तुकडा मोडला, तिच्या देखत स्वतःच्या तोंडात टाकला आणि सावकाश चावून गिळला. उरलेली पोळी पुढे धरली. काळी आली आणि हातातूनच खाऊ लागली.

"मावशी, आज तुमचा उपास होता ना?" मी विचारलं.

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "गणपतीले समजावता येते. हिले कसं समजावू?"