झडपेची उलटी बाजू

मिस्त्रींना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण "मिस्त्री" म्हटल्याशिवाय ते ओ देत नसत. पोस्टमनने एकदा "काका" म्हणून हाक मारली, तर या गृहस्थांनी मागे वळून कोणाचा काका आलाय ते बघितलं. एकतीस वर्षं बसच्या कारखान्यात इंजिनं उघडण्यात गेली होती. आता उघडायला एकच इंजिन उरलं होतं, तेही परसातलं गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरचं. तो ट्रॅक्टर गेला की आपल्याला मिस्त्री म्हणायला कोणाकडे कारणच उरणार नाही, ही त्यांची धास्ती होती. बोलून दाखवायची मात्र सोय नव्हती.

ट्रॅक्टर खाटेएवढा आणि धूर ट्रकाचा, म्हणून बायको त्याला धुराडं म्हणायची. तिचंही काही चुकत नव्हतं. ती घरीच शिवणकाम करायची, आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंचे पांढरे कोट तिच्याकडे असायचे. शिवून झाले की खडूच्या खुणा जाव्यात म्हणून ती ते पाण्यातून काढून परसात वाळत घालायची. आणि तिथेच धुराडं उभं! इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते. पिस्टन खाली आला की आतली कोंडलेली हवा त्या नळीतून बाहेर पडते. याची नळी म्हातारी झालेली, त्यामुळे हवेबरोबर तेलाचे बारीक थेंबही उडायचे.

त्या शनिवारी सकाळी तीन कोटांच्या पाठीवर पिवळे ठिपके उमटले. बायको ओरडली असती तर मिस्त्री घाबरले नसते, ती सवय होती. पण ती सरळ आत गेली, भंगारवाल्याला फोन लावला आणि चार वाजता यायला सांगितलं. "मी घरात नसले तर परसात जा, खडूची फुली असेल ते उचला," असंही सांगितलं. मग बाहेर येऊन तिने ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ही एवढी मोठी फुली मारली.

"चारपर्यंत काय दिवे लावायचेत ते लावा," एवढंच ती म्हणाली.

कपाटातून हाताला लागला तो निळा टी-शर्ट मिस्त्रींनी अंगात घातला आणि कामाला भिडले. बेत झकास होता. जुनी आखूड नळी काढायची, हातभर लांबीची नवी लावायची आणि तिचं टोक एका बरणीत सोडायचं. बरणीत तारेची घासणी कोंबायची, म्हणजे तेल तिथेच अडकेल आणि हवा तेवढी बाहेर जाईल. घासणी ओट्यावरून गेली. बरणी जॅमची होती. तिच्यातला जॅम त्यांनी साखरेच्या डब्यात ओतला आणि झाकण लावून टाकलं. ते प्रकरण सोमवारी उघडकीला आलं, ते इथे नको.

खरी करामत होती झडपेची. पितळी नळीच्या बोटभर तुकड्यात त्यांनी पातळ रबराची चकती अशी बसवली, की हवा एकाच दिशेने जाईल, उलटी परत येणार नाही. तुकडा दोन्ही टोकांनी दिसायला सारखाच. खिडकीत कोटांना बटणं लावत बसलेल्या बायकोला राहवलं नाही. याची सुलटी बाजू कुठली, असं तिने विचारलंच.

"पितळेला उलटं-सुलटं नसतं," मिस्त्री म्हणाले. "ते तुमच्या कापडाला."

नळीत तुकडा बसला. कोट तिने आधीच आत नेले होते, हे नशीब. मिस्त्रींनी दोरी ओढली. इंजिन एका दमात सुरू झालं, आवाज गोड, बरणी कोरडी, नळीतून धुराचा ठिपका नाही. मिस्त्रींनी कमरेवर हात ठेवून खिडकीकडे बघितलं. बघा म्हणावं! आणि तेवढ्यात तेल मोजायची पट्टी "फट्" करून उडाली ती थेट पेरूच्या झाडात, आणि मागोमाग गरम तेलाची पिचकारी मिस्त्रींच्या शर्टावर आणि मिशांवर.

इंजिन बंद करून ते उलट्या बादलीवर बसले. साडेतीन वाजले होते. एकतीस वर्षांचं शहाणपण मिशांतून ठिबकत होतं आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तेलामुळे असं कोणी म्हणालं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं.

बायको बाहेर आली, हातात शिवणाचा खडू. हसली नाही. फक्त विचारलं, "हवा आतून बाहेर यायची ना?" त्यांनी मान हलवली. तिने पितळी तुकडा काढला, पदराने पुसला, इंजिनाकडचं टोक तोंडाला लावून फुंकलं. गाल फुगले, हवा जाईना. तुकडा फिरवून फुंकला, तर फुर्रकन पलीकडे गेली. म्हणजे इंजिन श्वास घेत होतं, पण सोडायची वाट मिस्त्रींनी बुजवली होती. ज्या टोकाने फुंकर गेली त्याच्यावर तिने बारीक फुली मारली.

"फुली आत," ती म्हणाली. "कापडाचं असतं तसंच."

तुकडा फिरवला, पट्टी झाडावरून काढली, तेल भरलं. इंजिन पंधरा मिनिटं चाललं. बरणीत घासणीला थोडं तेल दिसू लागलं आणि बाहेर काही म्हणता काही नाही. बायकोने एक पांढरं फडकं बरणीपाशी धरून बघितलं. ते पांढरंच राहिलं. मग त्याच फडक्याने तिने बॉनेटवरची फुली पुसली आणि आत गेली.

चार वाजता भंगारवाला आला. चालू इंजिन ऐकून त्याने, कोणी दुरुस्त केलं, असं विचारलं. 'मिस्त्रीने, म्हणजे मी' हे उत्तर मिस्त्रींच्या जिभेच्या टोकावर होतं, रोजचंच होतं.

"मिस्त्री आत कोट शिवताहेत," ते म्हणाले. "मी नुसता पाना धरला."

खिडकीतली कात्री थांबली.

भंगारवाल्याने परसभर फुली शोधली, बॉनेट बघितलं, मग मिस्त्रींच्या मागे जाऊन उभा राहिला. नवऱ्याने कपडे उलटे घालू नयेत म्हणून बायको त्याच्या प्रत्येक टी-शर्टला आतून, पाठीवर, खडूची फुली मारून ठेवायची. ती निळ्या पाठीवर आता बाहेरून लख्ख दिसत होती. सकाळी तिने बघितली होती, पण रागात सांगितलं नव्हतं.

"ताई," भंगारवाला खिडकीकडे बघून म्हणाला, "फुली तर फक्त यांच्यावर आहे. उचलू का?"

"ते राहू द्या," आतून आवाज आला. "आमचे मिस्त्री आहेत ते. अजून चालू आहेत."